गिळायची गोळी की जिभेखाली ठेवायची गोळी?
दोन्ही तोंडातूनच घ्यायच्या, मग फरक काय असं बऱ्याच जणांना वाटतं, पण फरक रस्त्याचा आहे. गिळलेली गोळी पोटात विरघळते, मुख्यतः लहान आतड्यात शोषली जाते आणि तिथलं रक्त आधी लिव्हरमधून जातं, तिथे बऱ्याच औषधांचा काही भाग मोडतो आणि उरलेलंच शरीरभर पोचतं. वेळही लागतो, पोट भरलेलं असेल तर बऱ्याचदा अजून उशीर.

जिभेखालचं अस्तर एकदम पातळ, खाली रक्तवाहिन्यांचं जाळं, त्यामुळे औषध लिव्हरला बायपास करून सरळ रक्तात. हृदयविकारामुळे छातीत दुखतं तेव्हा नायट्रोग्लिसरीन म्हणूनच जिभेखाली देतात, १ ते ३ मिनिटांत असर सुरू होतो, आणि तीच गोळी गिळली तर लिव्हर तिचा बहुतेक भाग वाटेतच संपवतं. म्हणून प्लीज ती पाण्याबरोबर गिळू नका, चावू नका, आणि बसूनच घ्या, बीपी उतरून चक्कर येऊ शकते.

पण सगळी औषधं जिभेखाली चालत नाहीत हं, डोस छोटा हवा आणि औषध अस्तरातून सहज आत शिरणारं हवं. रोजच्या बहुतेक गोळ्यांना गिळणंच सोयीचं आणि माझ्या मते बरोबरही.