ब्रेडेड दोरी, आठ महिने आणि लोणच्याची बरणी

गेल्या सप्टेंबरात ज्यांच्याकडून मासे गरवायची ही ब्रेडेड, म्हणजे विणलेली, दोरी ऑनलाइन मागवली, त्यांचा परवा पुन्हा मेसेज आला: अनुभव कळवा, पाच स्टार द्या. नोव्हेंबरात मी एक स्टार देऊन चार ओळी लिहिल्या होत्या, त्या इथे पुन्हा लिहिण्यासारख्या नाहीत. तेव्हा यांनी फोनही उचलला नव्हता. आता विचारतच आहेत तर सगळंच सांगतो.

दोरी आठ पदरी, 30 पौंडी (म्हणजे तेवढा ताण सोसणारी), 300 मीटर, 1,450 रुपये. म्हणजे मीटरला जवळजवळ पाच रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. रीळ 4000 साइजचं स्पिनिंग, काठी आठ फुटी. गरवायची जागा बहुतेक वेळा कुंडलिका नदीचं मुख, कधी रेवदंड्याच्या बाजूने, कधी पलीकडे कोर्लईच्या खडपांवरून. आशा जिताड्याची, अधूनमधून तांबोशी, आणि काहीच नाही तर शिंगाळा असतोच.

त्याआधी बारा-पंधरा वर्षं मी तंगूसच, म्हणजे एकेरी नायलॉनचा धागाच, वापरला. स्वस्त, गुपचूप काम करणारा, गुंतला तर तोडून फेकायला जीव न तुटणारा. ही ब्रेड (ब्रेडेड दोरी) घेतली ती लांब फेक जावी म्हणून. सगळेच सांगत होते, बारीक असते, ताणत नाही, लूर (गळाचं नकली आमिष) दहा-पंधरा मीटर पुढे पडतो. पडतो, खरं आहे. पण पहिल्या दिवशी लूर पुढे गेला आणि त्याच्यामागून रीळमधून चिमणीच्या घरट्याएवढा गोळा निघाला. काठीच्या पहिल्या कडीत अडकला, लूर तटकन तुटून पाण्यात. लूर साडेतीनशेचा.

त्या दिवसापासून कापलेले तुकडे मी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकायला लागलो. एक कारण असं की ही दोरी किनाऱ्यावर टाकणं पाप आहे, मांजासारखीच पाखरांच्या पायात अडकते आणि कुजत नाही. दुसरं कारण, पुरावा. दुकानदाराला फोटो पाठवायचा होता. नोव्हेंबरअखेर बरणी तीन बोटं भरली. मोजून पाहिलं तर साठेक मीटर, म्हणजे तीनशे रुपये कापून कापून बरणीत.

दुकानदाराचं उत्तर एका ओळीचं: उघडलेला माल परत घेत नाही.

मी दोरी नकली आहे असं धरून बसलो होतो. त्याला थोडा आधारही होता. पेटीवर जाडी 0.23 मिलिमीटर छापली आहे. पेन्सिलीवर दोरी शेजारी शेजारी वीस वेळा गुंडाळली आणि पट्टी लावली, तर रुंदी भरली सहा मिलिमीटर. भागाकार करा, 0.30 येते. दोरी थोडी चपटी बसते म्हणून सूट दिली तरी 0.23 नाही. म्हणूनच रीळमध्ये 300 मीटर मावली नाही, 210च्या आसपास गेली. तीही काठोकाठ, कारण पैसे दिलेत तर जितकी जाईल तितकी भरायची हा आमचा खाक्या. उरलेली 90 मीटर पुठ्ठ्यावर गुंडाळून कपाटात. ही जाडीची थाप मी अजून माफ केलेली नाही. पण गुंता तिच्यामुळे होत नव्हता, हे कळायला डिसेंबर उजाडला.

मधे आणखी एक गंमत झाली ती सांगून टाकतो. पहिल्याच आठवड्यात शिंगाळा लागला, ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरी सुटू देणारा रीळचा ब्रेक) आवळतोय आवळतोय आणि दोरी जातेच आहे. ड्रॅग बिघडला म्हणून रीळ उघडायला बसलो. ड्रॅग ठणठणीत होता. ब्रेड इतकी गुळगुळीत असते की गुळगुळीत स्पूलवर, म्हणजे दोरी गुंडाळायच्या चाकावर, सरळ बांधली तर अख्खं भेंडोळंच स्पूलवर गोल फिरतं. तात्पुरती औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी एक वेढा लावली, काम भागलं.

डिसेंबरात कोर्लईला खडपावर बसून गुंता सोडवत होतो. सोडवतानाची एक गोष्ट: ओढायचं नाही. दातकोरणीने एकेक फास सैल करत जायचं, ओढलंत की मेलात. शेजारी एक वयस्कर कोळी काका हातगरी टाकून बसले होते. अर्धा तास बघत होते. शेवटी म्हणाले, "आरं, ढिली गुंडाललीस त गुतलच ना ती."

एवढंच. पुन्हा आपल्या गरीकडे बघायला लागले.

मला आधी रागच आला. पण लहानपणी फिरकी धरलेली आहे, ढिला भरलेला मांजा काय करतो ते माहीत आहे. घरी येऊन शांतपणे एकेक फेक आठवली. लूर पाण्यात पडला की मी काय करतो? हँडल फिरवतो. बेल, म्हणजे ती तारेची कमान, खट्कन आपोआप बंद होते. त्या क्षणी दोरी वाऱ्यावर कमानीसारखी फुगलेली, सैल. पहिले चार-पाच वेढे तसेच ढिले बसतात, त्यातला एखादा डोकं वर काढून राहतो आणि त्याच्यावर पुढचे घट्ट वेढे. पुढच्या फेकीला वरची दोरी सुसाट निघते, त्या ढिल्या फासाला धरते आणि सगळं लटांबर एकदम बाहेर. तंगूस ताठ असतो, त्याला स्वतःचा आकार असतो, त्याने हे सगळं इतकी वर्षं निमूट सोसलं. ब्रेड म्हणजे नुसतं सूत, जसं टाकाल तसं पडतं. लोक याला विंड नॉट म्हणतात आणि वाऱ्याच्या नावाने खडे फोडतात. वारा दोरी फुगवतो तेवढाच त्याचा गुन्हा, ती सैल गुंडाळणारे आपण.

तेव्हा बेल हाताने बंद करा. हँडलने नाही, हाताने. लूर पाण्याला टेकायच्या आत स्पूलच्या काठावर बोट टेकवून दोरी आवरा, डाव्या हाताने बेल पाडा, रीळजवळची दोरी चिमटीत धरून एक झटका द्या, ती बेलच्या छोट्या चाकावर नीट बसली का बघा, काठी उचलून फुगा काढा आणि मगच पहिला फेरा. दोन सेकंदांचं काम आहे. मी आता जेटीवर कुणाचीही बेल हँडलने बंद झालेली ऐकली की मान वळते. त्या खट् आवाजाची मला चीडच बसली आहे. भाचा मला बेलमामा म्हणतो, म्हणू दे. बरणीत डिसेंबरपासून आजपर्यंत चार मीटरसुद्धा वाढलेली नाही, त्यातली निम्मी त्याचीच.

खरं सांगायचं तर सगळं श्रेय बेलला देऊन चालणार नाही. साठ मीटर कापली गेल्यामुळे स्पूलची पातळी आपोआप खाली आली होती, म्हणजे गुंता कमी होण्याला थोडा हातभार गुंत्याचाच. काठोकाठ भरलेल्या स्पूलवरून वेढे घसरतात. काठापासून दोन-तीन मिलिमीटर जागा मोकळी हवी. डिसेंबरात सगळी दोरी उतरवली, खाली जुना तंगूस भरला, वर ब्रेड. तंगुसाची पकड असल्यामुळे चिकटपट्टीही गेली आणि पातळीही बरोबर आली. शंभर रुपयांचा तंगूस सप्टेंबरातच खाली भरला असता तर वरची महागाची दोरी कमी लागली असती, हे आता सुचतंय.

भरतानाही ताण पाहिजे. पहिला प्रयत्न घरी केला. बायकोने ओल्या फडक्यात दोरी चिमटून धरायची आणि मी गुंडाळायची. पन्नास मीटरनंतर "अहो, माझी भाकरी करपतेय" म्हणून फडकं माझ्या मांडीवर. मग ओहोटीला किनाऱ्यावर गेलो, टोक सुरूच्या झाडाला बांधलं, दोरी सोडत सोडत लांबवर चालत गेलो आणि काठी वाकेल इतक्या ताणाने गुंडाळत परत आलो. वाटेत तिघांनी विचारलं, रिसॉर्टसाठी जागा मोजताय का? आमच्याकडे हल्ली दोरी घेऊन चालणाऱ्या माणसाकडे दुसऱ्या कोणत्या नजरेने बघतच नाहीत.

फेब्रुवारीत गुंता पुन्हा सुरू झाला, तेव्हा माझा सगळा बेलसिद्धांत आपटला. दोरी सैल सोडली की आपोआप पीळ खात होती. हा प्रकार वेगळा निघाला. मोठा शिंगाळा पळत असताना, ड्रॅग सुटत असताना, मी घाबरून हँडल फिरवतच राहिलो होतो. रीळचा गिअर 5.2 चा, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्याला बेल पाचेक वेळा फिरते. दोरी आत येत नसताना हँडलचा एक फेरा म्हणजे दोरीला पाच पीळ. मिनिटभर फिरवलं तर हिशोब करा. मासा पळतोय तोवर हँडलवरचा हात थांबवायचा, काठीने खेचून दोरी मोकळी झाली की तेवढीच गुंडाळायची. पडलेला पीळ काढायला ओहोटीची ओढ उपयोगी आली. लूर आणि लीडर (टोकाला जोडलेला जाड तंगुसाचा तुकडा) काढून नुसती दोरी खाडीच्या मुखावर पाण्यात सोडून दिली, पाच-दहा मिनिटं ओढीत फिरू दिली, चिमटीत धरून परत घेतली. फुकटात काम झालं.

लीडरशिवाय ही दोरी कोर्लईत नेऊ नका. खडकाला चिकटलेल्या कालवांना नुसती घासली तरी संपली. मी दोन हात 40 पौंडी लीडर लावतो, एफजी गाठीने, कारण ती कड्यांतून न अडखळता जाते. आणि तळाला अडकली तर हाताला गुंडाळून ओढू नका, बोट कापतं. काठीच्या तुकड्याला गुंडाळा.

आता जमेची बाजू, जी मला नोव्हेंबरात दिसत नव्हती. शिसं तळाला कुठे रेतीत पडलं, कुठे कालवावर टकटकलं, हे मूठ सांगते. तंगुसावर मासा लागल्यावर कळायचं. यावर तो आमिषाला नुसतं तोंड लावतो तेव्हाच कळतं. मार्चमधला जिताडा तसाच मिळाला. साडेतीन किलोचा. त्या दिवशी भाकरी करपल्याचा विषय घरात निघाला नाही.

एक स्टारचे तीन केले. एक जाडीच्या थापेचा कापला, एक फोन न उचलल्याचा. पुढची तीसेक मीटर रंग उडून केसाळ झाली आहे. रंग गेल्याचं काही नाही, केसाळपणाचं आहे. पावसाळ्यानंतर अख्खी दोरी उलटी करून भरणार, आतली कोरी बाजू वर. पुठ्ठ्यावरची 90 मीटर भाच्याने मागितली आहे. हिशोबाने 435 रुपये होतात, भाचा म्हणून 400. मात्र भरून मी देणार, सुरूच्या झाडाला बांधून.