माते किट: भोपळा झकास, सोबतची पुस्तिका मात्र बिनकामाची

अर्जेंटिनाचं माते किट ऑनलाइन मागवलं होतं. माते म्हणजे तिकडचं चहासारखं कडू पेय, भोपळ्यात पाला भरून वर गरम पाणी ओतायचं आणि नळीनं प्यायचं. पोखरून वाळवलेला छोटा भोपळा, खाली जाळी असलेली स्टीलची नळी (तिला ते बोंबिशा म्हणतात) आणि अर्धा किलो येर्बा, म्हणजे मातेच्या झाडाचा वाळवलेला पाला. भोपळ्याला पैकीच्या पैकी मार्क. आपल्या मिरजेत तंबोऱ्याला जो भोपळा लावतात त्याच जातीचं फळ हे, फक्त मुठीत मावेल एवढं, साल जाड आणि काठाला पत्रा नीट बसवलेला. नळीची जाळीपण बारीक आहे, तोंडात चुरा येत नाही. येर्बा मिसिओनेस प्रांतातली, तिकडं ईशान्येला मिसिओनेस आणि कोरिएंतेसमध्येच हे पिकतं, आणि यात काड्या मिसळलेल्या आहेत त्यामुळं कडूपणा जरा नरम, तरी ज्यांना चहात तीन चमचे साखर लागते त्यांनी नादाला लागू नका.

आता तक्रार. पुस्तिकेत एक बाई खिडकीत एकटीच पीत बसलेली दाखवलीय आणि बाकी सगळं वजन कमी करण्याबद्दल. अहो तिकडं एकटे पण पितात, पण खरी गंमत घोळक्यात. एकजण ओतणारा असतो, पहिला भोपळा तो स्वतः पितो कारण पहिलं पाणी सगळ्यात कडू उतरतं, ते पाहुण्याला द्यायचं नसतं. मग तोच भोपळा, तीच नळी, परत पाणी भरून एकेकाला. ज्यानं त्यानं सुर्र आवाज येईपर्यंत संपवायचा आणि ओतणाऱ्याकडं परत द्यायचा. नळीनं ढवळायचं नाही. पुसायची तर अजिबात नाही, समोरच्याला लागतं ते. हातात धरून गप्पा हाणत बसलात तर 'माईक नाहीये तो' म्हणून टोमणा ठरलेला. आणि ओतणाऱ्याला थँक्यू म्हणालात की तुमचा नंबर गेला, कारण त्याचा अर्थ आता बास. यातलं एक अक्षर त्या पुस्तिकेत नाही, म्हणजे पत्त्यांचा कॅट विकायचा आणि डाव सांगायचाच नाही.

उष्ट्याचा प्रश्न आमच्याकडं निघालाच. सासूबाई म्हणाल्या, "एकाच नळीनं सगळी? मी नाही बाई." कोल्हापूरचा मेव्हणा मात्र मेस्सीच्या हातात हेच बघितलंय म्हणून दोनदा भरून घेऊन गेला. तसं 2020 ला कोरोनात अर्जेंटिनाच्या सरकारनंच माते शेअर करू नका म्हणून सांगितलेलं, तेव्हा सासूबाई अगदीच चुकीच्या नाहीत. विक्रेत्यानं जादा नळ्यांचा ऑप्शन ठेवायला पाहिजे, तिकडचे लोक हसले तर हसू देत.

वापरायच्या टिपा: पाणी उकळतं नको, 70 ते 80 डिग्री पुरे, उकळतं घातलं की पाला जळून नुसता काढा होतो. भोपळा येर्बानं दोन तृतीयांशच भरा. नवीन भोपळा आधी ओल्या येर्बानं भरून एक दिवस ठेवा, मग आतून खरवडून कोरडा करा. पावसाळ्यात सांगलीच्या दमट हवेत हा लगेच बुरशी धरणार, वापरून झाला की रिकामा करून आडवा वाळवायचाच. कॅफिन आहे, रात्री जेवल्यावर प्यालात तर झोपेचं खोबरं.

चार स्टार. एक कापला तो पुस्तिकेचा. येर्बा संपल्यावर नुसतं पाकीट वेगळं मिळतं, पूर्ण किट परत घेऊ नका.