ओड 2 कुठंय? 'कानोन पोकायानेन' डबल सीडी, सात महिन्यांनंतर

परवा सीडी प्लेअरचा ट्रे अडकला आणि आत अडकली नेमकी याचीच दुसरी सीडी, म्हणून म्हटलं आता तरी लिहून टाकू. हा ऑर्थोडॉक्स चर्चचा कॅनन, म्हणजे ओड नावाच्या क्रमांक दिलेल्या भागांची लांब प्रार्थना; संगीत एस्टोनियाच्या आर्वो पॅर्टचं, गाणारा एस्टोनियन फिलहार्मोनिक चेंबर क्वायर (गायकवृंद), सीडी काढणारी कंपनी ईसीएम. बाकीचं सोडून देतो.

सेकंडहँड घेतली तरी महागच पडली. त्यात पहिल्याच दिवशी बघतो तर ओड 1 नंतर थेट ओड 3! विकणाऱ्याला तीन मेसेज टाकले, थोडे पैसे परत मागितले, तो म्हणे अहो असंच येतं, मी म्हटलं असंच कसं येतं, बाराखडीतून आ गाळून कोणी छापतं का. पहिला महिना ऐकणं कमी आणि भांडण जास्त. मग वाचताना कळलं की ऑर्थोडॉक्स चर्चच्या कॅननमध्ये दुसरा ओड एरवी म्हणतच नाहीत, तो ज्यावर बेतलेला असतो ते बायबलमधलं मोशेचं गीत फार कडक, त्यामुळे तो लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांपुरता. म्हणजे पॅर्टने काही ढापलं नव्हतं. विकणाऱ्याला सॉरी पाठवलं, त्याने नुसता अंगठा दाखवला.

80 मिनिटांच्या जरा वर गेल्यामुळे दोन सीड्या लागल्या, हे मात्र अजून खुपतं.

आता खरी तक्रार. आवाज मधेच इतका खाली जातो की पंखा चालू असेल तर काही ऐकूच येत नाही, व्हॉल्यूम वाढवावा तर पुढच्या ओळीला अख्खा क्वायर अंगावर येतो आणि शेजारचे काका बेल वाजवतात. मुळात हे लिहिलंय जर्मनीतल्या कोलोन कॅथेड्रलच्या 750 वर्षांसाठी, 1998 मध्ये तिथेच पहिल्यांदा गायलं, आणि मी ऐकतोय दहा बाय बाराच्या खोलीत. एप्रिलात पंखा बंद करून बसलो, नावच पश्चात्तापाचा कॅनन, घाम काढणारच.

पण खरं सांगू, त्या दिवशी मत बदललं. एकही वाद्य नाही, एक आवाज पायरी पायरीने सरकतो, दुसरा कॉर्डच्या तीनच सुरांवर उड्या मारत त्याला धरून राहतो, आणि कुठे किती थांबायचं ते चर्च स्लाव्होनिक (चर्चची जुनी स्लाव्ह भाषा) शब्द ठरवतात. ओळ संपली की शांतता, आणि तिच्यात टालिनच्या निगुलिस्ते चर्चमधला, जिथे हे रेकॉर्ड झालं तिथला, घुमारा हळूहळू विरतो. माझा पंखा सहा महिने नेमकं तेच खात होता. मी मूर्ख, बेस वाढवत बसलो होतो.

आता घरी आईसुद्धा कुकर लावताना 'पोमिलुय म्या, बोझे' पुटपुटते. देवा माझ्यावर दया कर असा अर्थ सांगितला तर म्हणाली, मला वाटलंच.

पाचातला अर्धा स्टार पंख्यापायी कापला. आणि हो, रिपेअरवाला म्हणतो ट्रेचा रबरी बेल्ट सैल झालाय, बेल्ट किरकोळ पण खोलायचे चारशे. कोणी स्वतः बदललाय का? सीडी अजून आतच आहे.