कॅपच्या आतली बाजू

दाढेवरची कॅप फुटली तेव्हा मी काहीही कडक चावत नव्हते. सकाळी चूळ भरली आणि पांढरा टवका हातात आला. खालच्या दाढेला जिभेकडून ब्लेडसारखी कड लागायला लागली. रूट कॅनाल करून कॅप बसवली त्याला जेमतेम 14 महिने झाले होते, आणि मला 10 वर्षांची वॉरंटी सांगितली होती.

ज्यांनी बसवली त्या डॉक्टरांकडे गेले. तपासायच्या आधीच त्यांनी विचारलं, "काय चावलंत?" काहीच नाही म्हटलं, तरी केसपेपरवर लिहिलं की रुग्णाने कडक पदार्थ चावला. वॉरंटीत बसत नाही, नवीन करावी लागेल, पैसे पूर्ण. मी मान खाली घालून बाहेर पडले. पुढचे कित्येक दिवस मला खरंच वाटत होतं की चूक माझीच असणार. ही गोष्ट मला आजही सर्वात जास्त लागते.

दुसऱ्या डॉक्टरांनी छोटा आरसा धरून ती जागा दाखवली. टवका उडालेल्या ठिकाणी करडा, चमकणारा धातू होता. मी पैसे भरले होते अख्ख्या झिरकोनियाच्या, म्हणजे एका मजबूत सिरॅमिकच्या, कॅपचे. झिरकोनिया आतूनबाहेरून पांढरा असतो, त्यात धातूची वाटी नसते. माझ्या तोंडात बसवली होती धातूवर पोर्सिलेनचा थर दिलेली कॅप. तीही वाईट नसते, नीट केली तर वर्षानुवर्षं टिकते. पण एक सांगून दुसरी बसवणं ही सरळ फसवणूक आहे.

दोन्हींच्या ताकदीत किती फरक असतो तेही त्यांनी समजावलं. कॅपसाठी वापरतात त्या मजबूत प्रकारच्या झिरकोनियाची वाकताना न तुटण्याची क्षमता साधारण 900 ते 1200 मेगापास्कल. वर चढवलेल्या पोर्सिलेनची 100च्या आसपास. पोर्सिलेन दाब सोसतं, पण ताण पडला की त्यातली बारीक चीर पसरत जाते. धातू आणि पोर्सिलेन भट्टीतून निघून थंड होताना सारख्या प्रमाणात आकसले नाहीत, तर ताण तिथेच आत अडकून राहतो. मग एक दिवस काही न चावताही टवका निघतो.

माझ्या बाबतीत आणखी दोन गोष्टी घडल्या होत्या. कॅप बसवल्यावर ती उंच लागते असं मी दोनदा सांगितलं होतं. निळा कागद चावायला देऊन डॉक्टरांनी वरून घासली, पण घासलेला भाग पुन्हा गुळगुळीत केला नाही. त्या खरखरीत ओरखड्यांतूनच चीर सुरू होते. "होईल सवय," एवढंच म्हणाले. दुसरं, मी झोपेत दात खाते. माझ्या पुढच्या दातांच्या कडा सपाट झिजल्या आहेत, बघणाऱ्याला लगेच कळतं. झोपताना दातांवर घालायच्या संरक्षक कव्हरचं, नाईट गार्डचं, नाव पहिल्या डॉक्टरांनी काढलंच नाही. पुढच्या दातांना व्हिनिअर्स, म्हणजे दिसण्यासाठी समोरून चिकटवायचे पातळ थर, लावून घेणाऱ्यांनी तर नाईट गार्डचं आधीच विचारावं. ती पापुद्र्याएवढी, बरेचदा अर्ध्या मिलिमीटरची असतात. डॉक्टरांनी दात जास्त तासून इनॅमल, म्हणजे दाताचा बाहेरचा कडक थर, संपवलं, तर खालच्या थरावर ती तितकी घट्ट चिकटतही नाहीत.

झिरकोनियाही फुटू शकतो. कॅपसाठी दात पुरेसा तासला नाही आणि कॅप पातळ पडली, तर फुटतो. म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका. सिमेंट लावायच्या आधी कॅप हातात मागा आणि उलटी करून आत बघा. एक्स-रेवर विसंबू नका, त्यात धातू आणि झिरकोनिया दोन्ही पांढरेच दिसतात. वॉरंटी कार्डावर तुमचं नाव, दाताचा क्रमांक आणि कंपनीने दिलेला वॉरंटीचा नंबर हवा. तो नंबर कंपनीकडे तपासून घ्या. माझ्या कार्डावर नंबराची जागा कोरी होती आणि मी ते तसंच घडी घालून पर्समध्ये ठेवलं होतं. कॅप फुटलीच तर तुकडा डबीत ठेवा, घरी गोंदाने चिकटवू नका, आणि ती काढण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांकडून फोटो काढून घ्या.

ते फोटो आणि कोरं कार्ड घेऊन मी परत पहिल्या डॉक्टरांकडे गेले. फोटो बघून ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "लॅबची चूक झाली असेल." मी विचारलं, सिमेंट लावताना कॅपची आतली बाजू तुमच्याच समोर होती ना? त्यावर त्यांनी रिसेप्शनला पैसे परत करायला सांगितलं. केसपेपरवरचं ते वाक्य मात्र खोडायला तयार झाले नाहीत.