इस्त्रीचं टेबल घेताय? आधी कव्हर उचलून बघा

मंगल कार्यालयाचे हॉल भाड्याने घेऊन चार दिवसांचे 'भव्य सेल' लावणाऱ्या एका विक्रेत्याने आम्हाला इस्त्रीच्या टेबलात फसवलं. हाच प्रकार आज दुसऱ्या कुठल्यातरी गावात चालू असेल, म्हणून सविस्तर लिहितेय.

सासूबाईंना गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही आणि जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून इस्त्री केली की त्यांची कंबर धरते. त्यामुळे उंची कमी-जास्त करता येणारं टेबल हवं होतं. सेलमध्ये मांडलेला नमुना खरोखर चांगला होता. विक्रेत्याने स्वतः कव्हर वर करून खालची लोखंडी जाळी दाखवली, वाफेची इस्त्री फिरवली, दोन्ही हातांनी जोर देऊन टेबल हलत नाही हेही दाखवलं. छापील किंमत ३,९९९, सेलमध्ये १,६००. पैसे दिल्यावर मात्र मागच्या ढिगातला पट्ट्या मारलेला खोका पुढे आला. "तोच माल आहे ताई, नमुना देता येत नाही. घरी जाऊनच उघडा, इथे परत पॅक होणार नाही."

घरी बघितलं तर कव्हर खालून पिना ठोकून बंद केलेलं. पिना काढल्या, तर जाळीचा पत्ता नाही! भुसा दाबून केलेली पार्टिकल बोर्डची फळी होती. जाळी असते ती वाफ खाली निघून जावी म्हणून. फळीत ती वाफ मुरते, कपडे दमट राहतात आणि फळी फुगते. आमचीही मधोमध फुगली. 'शंभर टक्के कॉटन' म्हणून सांगितलेलं कव्हर सुती कपड्यांच्या उष्णतेवर, म्हणजे साधारण २०० अंशांना, वितळून इस्त्रीच्या तळाला चिकटलं. सुती कापड असं वितळत नाही.

हे सगळं एक वेळ सोसलं असतं. पण उंचीचा खटका खाचेत नीट बसत नव्हता. सासूबाई साडीला इस्त्री करत असताना टेबल एका बाजूने खाली बसलं आणि तापलेली इस्त्री त्यांच्या पावलाशेजारी पडली. चार पैसे वाचवायला असा खटका लावणाऱ्याला मी नुसता लबाड म्हणणार नाही. त्याने माणसाच्या जिवाशी खेळ केला.

हॉलवर गेले तर तिथे साड्यांचं प्रदर्शन लागलेलं. हातात होती ती 'एस्टिमेट' लिहिलेली चिठ्ठी. तीवर पत्ता नाही, जीएसटी क्रमांक नाही, फक्त शिक्का: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. या शिक्क्याला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरले जातात.

खोकाही नीट बघा. बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी, तक्रारीसाठी संपर्क, हे पॅक मालावर छापणं बंधनकारक आहे. आमच्या खोक्यावर एमआरपीचा स्टिकर तेवढा होता. अशा मालाची तक्रार वैध मापन शास्त्र खात्याकडे, म्हणजे आपण ज्याला वजनमापे खातं म्हणतो तिथे, करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

सेलमध्ये घ्यायचंच असेल तर तुम्हाला मिळणारा खोका तिथेच उघडायला लावा. कव्हर दोरीचं किंवा इलॅस्टिकचं, काढता येणारं हवं. ते काढून जाळी हाताने चाचपा, टेबल प्रत्येक उंचीवर उभं करून कडेला जोर द्या. विक्रेता खोका उघडू देत नसेल तर पैसे देऊ नका.

हॉलच्या व्यवस्थापकांनी आम्हाला बुकिंग करणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर दिला. तो नंबर, चिठ्ठी आणि खोक्याचे फोटो जोडून दोन्हीकडे तक्रार केली आहे. तुमच्याकडेही असंच टेबल आलं असेल तर खोका भंगारात देऊ नका, तक्रारीला तोच पुरावा लागतो.