ड्रॅगनशी लढायचं, बोलायचं की ड्रॅगनच व्हायचं?

गणेश चवथीला बहिणीकडे गोव्यात सावईवेऱ्याला गेले होते. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झाली, हात जरा मोकळे झाले आणि भाच्याने गाठलंच. "मावशी, ड्रॅगनचा एकच गेम घ्यायचा तर कुठला घेऊ?" तो नुकताच फर्मागुढीला इंजिनीअरिंगला लागलाय, नवा लॅपटॉप आलाय आणि बाबांनी एका गेमचे पैसे द्यायचं कबूल केलंय. शेजारी त्याची आठ वर्षांची बहीण. तिलाही ड्रॅगनच हवा, पण तिची अट वेगळी: "मारायचा नाही हां."

तिची अट ऐकली आणि माझ्या मनातली यादी एकदम सुटसुटीत झाली. ड्रॅगनचा गेम निवडताना लोक आधी ग्राफिक्स बघतात. मी आधी विचारते, तुला ड्रॅगनचं करायचंय काय? त्याच्याशी झुंजायचंय, त्याच्या पाठीवर बसायचंय, त्याच्याशी बोलायचंय की स्वतःच ड्रॅगन व्हायचंय? चारही गोष्टी सारख्याच चांगल्या करणारा गेम मला अजून भेटलेला नाही.

धाकटीचं उत्तर सोपं: स्पायरो रीइग्नायटेड ट्रिलॉजी. मूळ स्पायरो इन्सॉम्नियाक कंपनीने १९९८ साली पहिल्या प्लेस्टेशनसाठी केला. त्याचे पहिले तीन भाग टॉइज फॉर बॉब या कंपनीने नव्याने घडवून २०१८ मध्ये एकत्र आणले आणि २०१९ पासून ते संगणकावर आणि निन्टेंडोच्या स्विच या गेमयंत्रावरही मिळतात. इथे आपणच ड्रॅगन, जांभळं पिल्लू. पहिल्या भागात नॅस्टी नॉर्क या खलनायकाने मोठ्या ड्रॅगनांना स्फटिकात गोठवलेलं असतं आणि आपण एकेकाला हात लावून सोडवायचं. असे ८० ड्रॅगन. नव्या आवृत्तीत त्या ८० जणांना प्रत्येकी वेगळा चेहरा, वेगळा स्वभाव दिलाय. कुणी स्वयंपाकी वाटतो, कुणी चित्रकार, आणि पुढचा कसा निघेल या उत्सुकतेने मूल खेळत राहतं. जीव किती उरला ते सांगायला पडद्यावर पट्टी नाही. सोबत उडणारा स्पार्क्स नावाचा चतुर किडा रंग बदलतो: पिवळा, मग निळा, मग हिरवा, मग दिसेनासा. वाचता न येणाऱ्या मुलालाही हे लगेच कळतं.

स्पायरो नेहमीच्या खेळात उडत नाही, तरंगतो. उंचावरून उडी मारायची, पंख पसरायचे आणि उतरत उतरत पलीकडचा कडा गाठायचा. खरं उडणं फक्त त्यासाठी राखलेल्या टप्प्यांत. भाचीला हे पटेना. मग तिला घेऊन कुळागरात, म्हणजे पोफळींच्या बागेत गेले. पोफळीच्या खोडाला चिकटून बसलेला उडणारा सरडा तिने आधी पाहिला होता, पण त्याचं शास्त्रीय नाव ड्रॅको, म्हणजे लॅटिनमध्ये ड्रॅगनच, हे तिला ठाऊक नव्हतं. तोसुद्धा पंख मारत नाही. लांब फासळ्यांवरची कातडी छत्रीसारखी ताणतो आणि या पोफळीवरून त्या पोफळीवर घसरत जातो. त्या दिवशी तो काही दिसला नाही, पण घरी येऊन तिने स्पायरोची उडी मारली तेव्हा आधी वर चढायचं आणि मगच झेपायचं हे तिला सांगावं लागलं नाही.

आता भाच्याचा प्रश्न. त्याच्यासाठी खरी चुरस दोघांतच आहे: स्कायरिम आणि एल्डन रिंग.

स्कायरिम बेथेस्डा कंपनीचा, नोव्हेंबर २०११ चा. सुरुवातीलाच आपल्याला मृत्युदंडासाठी नेत असतात आणि ऐन वेळी काळा ड्रॅगन गावावर कोसळतो. पुढे व्हाइटरन शहराबाहेरच्या बुरुजाजवळ आपण पहिला ड्रॅगन मारतो. त्याचं मांस जळून जातं, आत्मा वाऱ्यासारखा आपल्यात शिरतो आणि आपण ड्रॅगनच्या रक्ताचे आहोत हे तेव्हा कळतं. इथवर कुठल्याही साहसकथेसारखंच आहे. मला हा गेम आवडतो तो पुढच्या गोष्टीसाठी. इथल्या ड्रॅगनांना भाषा आहे आणि त्यांची आग म्हणजे त्या भाषेतले शब्द. ड्रॅगन अंगावर आग ओकतो तेव्हा तो बोलत असतो. दोन ड्रॅगनांची झुंज म्हणजे खरं तर वाद. आपणही डोंगरातल्या, भुयारांतल्या शिलालेखांवरून तेच शब्द शिकतो आणि मिळवलेला आत्मा खर्चून ते आपलेसे करतो. प्रत्येक गर्जनेत तीन शब्द, आणि जितके शब्द येतात तितकी ती जबर. नुसता शब्द पाठ असून भागत नाही, तो अंगात मुरावा लागतो, ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

आणि मग पार्थर्नॅक्स. सर्वांत उंच शिखरावर एकटा राहणारा म्हातारा ड्रॅगन. त्याला भेटायला गेलं की तो तलवार काढायची संधीच देत नाही. रीतीप्रमाणे आधी आगीने नमस्कार कर म्हणतो. त्याला आवाज दिलाय चार्ल्स मार्टिने यांनी, म्हणजे वर्षानुवर्षं मारिओचा आवाज राहिलेल्या नटाने. थकलेला, सावकाश, प्रत्येक शब्द तोलून काढलेला आवाज. पुढे काही माणसं तुमच्याकडे त्याच्याबद्दल एक मागणी करतात. काय ते सांगत नाही. त्या मागणीवर मी कितीतरी दिवस निर्णय घेऊ शकले नव्हते, आणि गेमने मला तसं अडून राहू दिलं.

एल्डन रिंग फ्रॉमसॉफ्टवेअरचा, फेब्रुवारी २०२२ चा. ड्रॅगनशी झुंज हीच हौस असेल तर इथे स्कायरिम मागे पडतो, यात मला शंका नाही. स्कायरिममधला ड्रॅगन काही तासांनी वरचेवर येणाऱ्या पाहुण्यासारखा होतो. आला, घिरट्या घातल्या, उतरला, मेला. एल्डन रिंगमध्ये सुरुवातीच्याच प्रदेशात एक उथळ तळं आहे. मध्यावर जळके अवशेष, शेकोटीभोवती काही आकृत्या. जवळ गेलात की आभाळातून अगील नावाचा ड्रॅगन कोसळतो. पहिल्या पाच-सहा वेळा तुम्ही मरणारच. मग कळतं की घोडा अंगाखालून न्यायचा, शेपटीकडे लक्ष ठेवायचं आणि तो हवेत वर गेला की पळायचं. दिवाळीला नरकासुराचे पुतळे बांधणाऱ्या पोरांना मी दरवर्षी बघते. जाळायचाच असला तरी नखं, दात, डोळे यांवर रात्री घालवतात. अगील तशाच हातांनी घडवलाय. त्याची प्रत्येक हालचाल शिकण्याजोगी आहे.

मारलेल्या ड्रॅगनचं काळीज घेऊन एका पडक्या चर्चमध्ये जायचं आणि ते खाऊन त्याची शक्ती मिळवायची, अशी सोय आहे. चार-सहा काळजं खाल्लीत की आपल्याच पात्राचे डोळे ड्रॅगनसारखे होऊ लागतात. आणि प्रदेशात रांगणारे लाव्हाचे अजगरासारखे प्राणी पूर्वी असेच काळजं खाणारे वीर होते, हे एखाद्या वस्तूच्या वर्णनात सहज लिहिलेलं सापडतं. मी ते वाचलं आणि पुढचं काळीज खायचं थांबवलं.

सोय-गैरसोयीत मात्र दोघांत मोठा फरक आहे. स्कायरिमच्या २०१६ च्या स्पेशल एडिशनला १२ जीबी जागा पुरते, अलीकडच्या लॅपटॉपच्या अंगभूत ग्राफिक्सवरही सेटिंग खाली आणून तो चालतो आणि कठीणपणा हवा तेव्हा कमी करता येतो. एल्डन रिंगला ६० जीबी जागा, १२ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. त्यात सोपा पर्यायच नाही, धड पॉजसुद्धा नाही. आईने जेवायला हाक मारली तर ड्रॅगन थांबत नाही.

पावसात लाईट जाते हेही धरूनच निवडा. स्कायरिममध्ये एफ५ दाबून सेव्ह करण्याची सवय लावून घ्या, म्हणजे फारसं काही जात नाही. एल्डन रिंग स्वतःच सतत सेव्ह करतो. मॉन्स्टर हंटर वर्ल्ड हा राक्षसी प्राण्यांच्या शिकारीचा गेम मात्र शिकारीच्या मध्ये सेव्हच होत नाही. ५० मिनिटांची मुदत, पंचेचाळिसाव्या मिनिटाला लाईट गेली की सगळं पाण्यात. मागच्या आषाढात माझं हे दोनदा झालं. टेबलावरच्या संगणकाला इन्व्हर्टर नसेल तर कॅपकॉमचा हा २०१८ चा गेम घेऊ नका. घेतलात तर टेओस्ट्रासारखे थोर ड्रॅगन मिळतील, ज्यांचा जीव किती उरला ते पट्टीवरून कळत नाही, हालचालींवरून कळतं. ते सौंदर्य कबूल आहे.

ड्रॅगन्स डॉग्मा २ चं नाव ड्रॅगनचं असलं तरी तो मुख्यतः प्रवासाचा गेम आहे. सुरुवातीला ड्रॅगन आपलं काळीज नेतो आणि मग बराच काळ त्याची फक्त सावली असते. मोठ्या प्राण्यांच्या अंगावर चढून वार करायला मजा येते. पण १०० जीबी जागा आणि दणकट मशीन नसेल तर तो विषयच सोडा.

पाठीवर बसून उडायचंय म्हणणाऱ्यांना मी स्कायरिम सुचवत नाही. ड्रॅगनबॉर्न या जोडभागात ड्रॅगन बसू देतो, पण वळवू देत नाही, फक्त कुणावर हल्ला करायचा तेवढं सांगता येतं. खऱ्या उडण्याचा आनंद वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने २०२२ च्या ड्रॅगनफ्लाइटमध्ये दिला. खाली सूर मारून वेग कमवायचा आणि तोच वेग वर चढायला वापरायचा. मात्र त्याला दर महिन्याचं शुल्क आणि न तुटणारं इंटरनेट लागतं.

ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांनी माइनक्राफ्ट घ्यावा. शेवटी एंडर ड्रॅगन आहे. खांबांवरचे स्फटिक तिला बरं करत राहतात, म्हणून ते आधी फोडायचे. तिच्यामागे एक अंडं उरतं, जे कधीच उबत नाही. भाचीने हे ऐकून दोन मिनिटं तोंड पाडलं होतं.

भाच्याच्या लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड नाही हे जेवताना कळलं, तेव्हा त्याच्यापुरता निर्णय तिथेच झाला: स्कायरिम, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या सेलची वाट बघून. पुढे मशीन बदललं की एल्डन रिंग. कार्ड असतं आणि चिडून कंट्रोलर फेकायचा स्वभाव नसता, तर क्रम उलटा सांगितला असता. धाकटीसाठी स्पायरो मी माझ्या पैशांनी घेतलाय. पहिल्या आठवड्यात तिने ८० पैकी २३ सोडवलेत आणि रोज संध्याकाळी फोन करून आज कोण सुटला ते सांगते.