स्कल बेस (कवटीच्या तळाच्या) क्लिनिकचा अनुभव: चार स्टार, पाचवा का कापला ते खाली

हॉस्पिटलचं नाव टाकत नाहीये. ताईला वर्षभर डाव्या कानात सूंsss आवाज, ऐकू कमी, मधेच डोकं ठणकायचं. एकाने मळ काढला, दुसऱ्याने सायनस म्हणून गोळ्या दिल्या, आणि एक दिवस डावीकडे पाहिलं की एकाचे दोन दिसायला लागले तेव्हा कुठे एमआरआय झाला. रिपोर्टात 'ट्यूमर?' असं प्रश्नचिन्हासकट. त्या प्रश्नचिन्हाने घरातल्या सगळ्यांची झोप उडवली.

इथे ईएनटी सर्जन आणि न्यूरोसर्जन एकत्र बसून पेशंट बघतात, हे बेस्ट. स्क्रीनवर दाखवलं की गाठ टी-वनमध्येही पांढरी, टी-टूमध्येही पांढरी, आणि डिफ्यूजनमध्ये (हे सगळे एमआरआयच्या चित्रांचे प्रकार) एपिडर्मॉइड नावाच्या दुसऱ्या गाठीसारखी चमकत नाही, म्हणजे हा पेट्रस एपेक्सचा (कानाच्या आतल्या हाडाच्या टोकाचा) कोलेस्टेरॉल ग्रॅन्युलोमा, कॅन्सर नाही. ताई लगेच, "अहो पण माझं कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे!" डॉक्टर हसले. म्हणाले, त्याचा काही संबंध नाही, कानाच्या आतल्या बाजूच्या हाडातल्या हवेच्या कप्प्यांत रक्त साचतं, ते विघटित होऊन कोलेस्टेरॉलचे स्फटिक होतात, त्यांच्यामुळे सूज येत राहते आणि गाठ हळूहळू हाड पोखरत वाढते. डोळा बाहेर वळवणारी सहावी नस तिथूनच जाते, म्हणून दोन-दोन दिसणं. कॅरोटिडवर (मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीवर) हाड कितपत उरलंय ते बघायला सीटी वेगळा काढला.

त्रास नसता तर नुसतं एमआरआयवर लक्ष ठेवलं असतं, हेही स्वतःहून सांगितलं, ऑपरेशनची घाई नाही. नाकातून दुर्बिणीने केलं. गाठ अख्खी काढत नाहीत बरं का, खिडकी पाडून आतलं नाकात वाहू देतात. फोटो दाखवला, डिट्टो जुनं इंजिन ऑइल! दोन-दोन दिसणं काही आठवड्यांत गेलं, ऐकू येणं मात्र पूर्ण परत आलं नाही.

आता कापलेला स्टार. डिस्चार्जच्या कागदावर 'नाक शिंकरू नये' एवढंच. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, नाकातून पाण्यासारखं पातळ गळायला लागलं तर ताबडतोब यायचं, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही ताईने शिंक दाबून धरल्यावर घाबरून पाच वेळा फोन लावला तेव्हा. खिडकी पुन्हा बुजू शकते म्हणून एमआरआय करत राहायचा, त्याची तारीखसुद्धा आम्हीच मागून घेतली.